लिंपलेली भट्टी

हे लिहिणार नव्हतो. खरंच. दोनदा सुरू केलं आणि पुसून टाकलं. एकतर माझं शिक्षण म्हणजे शाळेचा मागचा बाक, आणि तिथून उठलो तो थेट टेंपोच्या स्टिअरिंगवर. नीट वाचायला शिकलो तेही माल उतरेपर्यंत वेळ जात नाही म्हणून. आणि दुसरं, ती भट्टी उघडली त्या दिवशी काय बघितलं हे कुणाला सांगायला लागलो की समोरचा म्हणतो, "बरं, मडकी निघाली. मग?"

मग काय. टेंपो गॅरेजला आहे, मोबाइल हातात आहे. जमेल तसं टाइप करतो.

आबांच्या भट्टीवर माती मी आणायचो आणि पक्की मडकी बाजारात मीच पोचवायचो, म्हणून तिथं सगळे मला टेंपोच म्हणायचे. रस्त्याच्या कडेला मोठं आवार. पत्र्याची शेड, तिच्यात चाक, बाजूला माती भिजवायचा खड्डा, आणि मागच्या अंगाला भट्टी. विटांची, घुमटासारखी, माणसापेक्षा उंच. पुढं तोंड, खाली जाळ घालायची जागा. तोंड मडकी रचून झाल्यावर विटांनी बंद करायचं आणि वरून ओल्या मातीनं लिंपायचं. भट्टी थंड झाली की लिंपण फोडायचं.

कामाला तिघं. आबा, त्यांची सून आणि बारक्या. बारक्या हा माझा जिवाभावाचा मित्र. नाव बारक्या, पण माझ्या टेंपोत पुढं बसला की टेंपो एका बाजूला कलतो. तो माती तुडवायचा आणि भट्टीला जाळ घालायचा. सुनेला सगळी गल्ली सूनबाई म्हणायची. आता ती सूनही नव्हती खरंतर. आबांचा धाकटा तिला सोडून गेला, रीतसर फारकत घेतली आणि परत फिरकला नाही. कोर्टाचा कागद आला त्या दिवशी ती आबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी निघू का मग?"

आबा म्हणाले, "चाकावर माती आहे. ती उतरव आधी."

तिनं माती उतरवली. मग दुसरा गोळा चढवला. ते तसंच चालू राहिलं. ती शिंप्याची लेक, माहेरी कुणी मातीत हात घातलेला नाही. जे शिकली ते आबांच्या हाताखाली.

आबांचं डोकं शेवटच्या वर्षी सुटायला लागलं. हे मी आडपडदा न ठेवता सांगतो, कोर्टातही सांगितलं. मला ते मिस्त्री म्हणायला लागले. "मिस्त्री, पत्रा कधी बसवतोस?" मी म्हणायचो, "उद्या बसवतो आबा." आत्याबाई, म्हणजे त्यांची बायको, जाऊन किती वर्षं झाली, पण जेवताना विचारायचे, "ती जेवली का?" सूनबाई म्हणायची, "जेवल्या." मग ते जेवायचे.

आणि त्यांना दगडाचं वेड लागलं. नदीतला गुळगुळीत गोटा, मुठीत मावेल एवढा. कच्चं मडकं मांडीवर घ्यायचं आणि गोट्यानं घासत बसायचं. खालून वर, खालून वर. सकाळी बसले की उजेड जाईपर्यंत. एकच मडकं! आमच्याकडं असं कुणीच करत नाही. मडकं घडवलं, वाळवलं, भाजलं, संपलं. बारक्या म्हणायचा, "आबा, बास, त्याला गुदगुल्या होतील." आबांचं लक्षच नसायचं. गल्लीतले लोक मुद्दाम बघायला यायचे. पोरं लांबून नक्कल करायची, हातात काही नसताना हवेत घासायची. सूनबाई काठी घेऊन त्यांच्या मागं धावायची.

मग एक दिवस आबांनी मृत्युपत्र लिहायला टायपिस्टला बोलवायला सांगितलं. त्या दिवशी भट्टी भरायची होती. आबा स्टुलावर बसले होते, टायपिस्टनं लिहिलेलं वाचून दाखवलं. राहतं घर थोरल्याला. भट्टी आणि आवार सुनेला. "सून" शब्दावर टायपिस्ट अडला. म्हणाला, "फारकत झालीय ना? मग सून कसं लिहू?"

आबा म्हणाले, "मग तू तिला काय म्हणतोस?"

"सूनबाई."

"मग?"

त्यानं लिहिलं. आबांनी सही केली. साक्षीदार म्हणून बारक्यानं आणि मी केली. सही झाल्यावर आबा मला म्हणाले, "मिस्त्री, आता बाजूला हो, भट्टी भरायचीय."

आणि त्या दिवशी आबांनी सूनबाईला भट्टीला हात लावू दिला नाही. रचायचं काम एरवी ती करायची, कारण आबांना वाकवत नव्हतं. त्या दिवशी ते गुडघ्यावर रांगत आत गेले. आम्ही नुसती त्यांनी घासून ठेवलेली मडकी आणि रांजण हातात देत होतो. मोठे रांजण त्यांनी तळाला ठेवले आणि लहान वर. आमच्याकडं नेमकं उलटं असतं. सूनबाई म्हणाली, "आबा, खालचे फुटतील." त्यांनी पुढचा रांजण मागितला. बारक्यानं जाळ घातला, तर एरवीपेक्षा फार लवकर म्हणाले, "बस." भट्टी आतून लाल होती, पूर्ण आच अजून चढायची होती. त्यावर त्यांनी ओल्या भुशाची पोती खालून आत सारायला लावली. पोती! धुराचा असा लोट उठला की शेजारची बाई पदर तोंडाला लावून ओरडायला लागली. आणि मग त्यांनी सगळं बंद करायला लावलं. तोंड, खालची जागा, वरची भोकं. धुराला एक फट ठेवली नाही. स्वतः हातानं लिंपत राहिले. हात थरथरत होते, पण जिथून धुराची रेघ दिसेल तिथं नेमकं बोट जायचं.

सूनबाई माझ्याशेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "भट्टी गेली रे टेंपो. गुदमरली."

आमच्याकडं मडक्यावर काळा डाग पडला तर ते बाजूला काढतात. आणि इथं आबांनी अख्ख्या भट्टीत धूर कोंडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई चहाला उठवायला गेली तर आबा उठले नाहीत.

थोरले आले. त्यांचं शहरात हार्डवेअरचं दुकान. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. खांदा दिला, सगळं केलं, रडलेही. मृत्युपत्राचं मात्र त्यांना नंतर कळलं. मग सूनबाईला म्हणाले, "बापानं शेवटी मला ओळखलंसुद्धा नाही. मी आलो तर पोस्टमन म्हणाला. मला! आणि त्याच डोक्यानं तुला भट्टी दिली?"

"भाऊजी, मी मागितली नव्हती."

"कसले भाऊजी आता."

आवाराला कुलूप लागलं, केस उभी राहिली. कोर्टाचा हुकूम आला की निकालापर्यंत सगळं जसं आहे तसं राहील. म्हणजे भट्टीही. आबांनी लिंपलेली, तशीच.

सूनबाई रोपवाटिकेत रोजानं जायला लागली. दिवसभर उन्हात बसून पिशव्यांत माती भरायची. मी एकदा तिथं खत टाकायला गेलो तर ती माती चिमटीत घेऊन बघत होती. मुकादम म्हणाला, "बाई, चाखून बघताय का? पिशव्या भरा." ती हसली आणि भरायला लागली. मला फार लागलं ते. चाकावरून रांजण उठवणारे हात.

कोर्टात तर आणखी. शिपायानं विचारलं, "मयताचे कोण?" ती म्हणाली, "सून." त्यानं कागद चाळला, "फारकत झालीय तुमची. मग कोणी नाही." आणि मोठ्यानं ओरडला, "कोणी नाही, आत या!" बारक्या उठलाच होता त्याच्या अंगावर जायला. मी शर्ट धरला.

माझी साक्ष झाली. थोरल्यांचे वकील उंच, आवाज मऊ.

"त्या दिवशी आबांनी तुम्हाला ओळखलं?"

सूनबाई समोर बसली होती. हो म्हणालो असतो तर कोण बघायला होतं? पण तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू आबांच्या ताटात मी काहीतरी घाण टाकायला निघालोय.

"नाही," मी म्हणालो. "मिस्त्री म्हणाले."

"तुम्ही मिस्त्री आहात?"

"नाही. टेंपो."

सगळे हसले. न्यायाधीशही. वकील म्हणाले, "आणि ते दिवसभर दगडानं मडकं घासत बसायचे, खरं?"

"खरं."

"दिवसभर?"

"उजेड असेपर्यंत."

वकिलांनी हात पसरले, म्हणजे झालं. मागं थोरले बसले होते. दगडाचं नाव निघालं तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, काहीतरी आठवत असल्यासारख्या. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

मग वकीलच म्हणाले, "साहेब, त्याच दिवशी सही आणि त्याच दिवशी भट्टी. कशी लावली ते साक्षीदारांनीच सांगितलंय. उलटी रचली, अर्धवट जाळली, धुरानं कोंडली. भट्टी अजून बंद आहे. उघडून बघा. सही करणाऱ्याच्या डोक्याची अवस्था तिच्यात दिसेल."

न्यायाधीशांनी मानलं. कोर्टानं नेमलेला कमिशनर जाईल, दोन्ही बाजूंसमोर उघडेल, आणि आत काय ते लिहून आणेल.

आमच्या वकीलबाई बाहेर आल्यावर डोकं धरून बसल्या. "तुम्हाला तरी काय वाटतं, आत काय असेल?"

सूनबाई म्हणाली, "राख आणि खापरं."

त्या संध्याकाळी आम्ही तिघं आवाराबाहेर कुंपणाच्या दगडावर बसलो होतो. उकडत होतं, पत्रा अजून तापलेला. सूनबाई हातातली गवताची काडी मोडत होती. मग म्हणाली, "आत सगळं जळालं असेल तर मी सोडणार."

"काय सोडणार?" बारक्या.

"भट्टी. केस. सगळंच. आपण काय देतोय हेच ज्याला कळत नव्हतं, त्याच्याकडून मी कशी घेऊ? झोपलेल्या माणसाच्या खिशात हात घातल्यासारखं होईल."

"अहो पण सूनबाई," मी म्हणालो, "सही केली त्यांनी. 'मग तू तिला काय म्हणतोस' असं म्हणाले. ते काय येड्याचं बोलणं आहे?"

"ते बोलणं आहे. बोलायला ते कधीकधी नीट बोलायचे. पण कामात..." तिनं बंद कुलपाकडं बघितलं. "काम खोटं बोलत नाही त्यांचं. त्यातच ते गेले असतील, तर गेलेच होते."

बारक्या म्हणाला, "मग मी कुठं जायचं? मला दुसरीकडं कोण घेतंय? दारातून जाणार नाही मी." कुणी हसलं नाही. तोही नाही.

उघडायच्या दिवशी ऊन कडक होतं. कमिशनर म्हणजे एक पोरगेलासा वकील, बगलेत पॅड, मानेला रुमाल. थोरले आले, त्यांचे वकील आले. कुलूप निघालं. आवारात गवत वाढलं होतं, चाकावर पाल बसली होती. सूनबाईनं ती हातानं अलगद हाकलली.

भट्टीच्या तोंडावर आबांचं लिंपण वाळून भेगाळलं होतं, पण बोटांच्या रेघा तशाच होत्या. कमिशनर म्हणाला, "कोण फोडणार?" कुणी पुढं होईना. शेवटी सूनबाईनं बारक्याकडून हातोडी घेतली. पहिला घाव घालायच्या आधी तिनं त्या रेघांवरून एकदा हात फिरवला. मग घातला.

लिंपण पडलं. विटा निघाल्या. आतून गार हवा आली, जुन्या धुराच्या वासाची. आणि आत सगळं काळं.

काळं म्हणजे काळंच. एक लाल मडकं नाही. थोरल्यांचे वकील वाकून बघत म्हणाले, "लिहा साहेब. सर्व माल जळून काळा." कमिशनर लिहायला लागला. सूनबाईनं हातोडी खाली ठेवली. मागं सरकली आणि पदराला हात पुसायला लागली, काम संपल्यावर पुसतात तशी.

थोरले मात्र हलले नव्हते. ते तोंडाशी उभे होते आणि हुंगत होते. खरंच हुंगत होते. मग गुडघ्यावर बसले, इस्त्रीच्या पँटसकट, आत हात घातला आणि वरचं एक लहान मडकं काढलं. राखेनं माखलेलं. त्यांनी ते शर्टाच्या बाहीनं पुसलं.

देवाशप्पथ, मी असं काही बघितलं नव्हतं. राख गेली आणि खालून रात्र निघाली. ओली रात्र. असं काळं की त्यात पत्रा दिसत होता, आभाळ दिसत होतं, आणि त्यांचा स्वतःचा चेहरा. रंग नाही, पॉलिश नाही, मातीच तशी झाली होती. आबांनी गोट्यानं जिथं जिथं घासलं होतं, तिथं तिथं ते खालून वर, खालून वर चमकत होतं. थोरल्यांनी बोटाच्या पेरानं टिचकी मारली. मडकं वाजलं. लांबवर, घंटेसारखं.

"घोटलेली," थोरले म्हणाले. "आजोबांची काळी भट्टी."

वकील म्हणाले, "अहो, थांबा जरा."

पण ते थांबलेच नाहीत. ते आमच्याशी बोलतच नव्हते. "मी लहान होतो. आजोबांच्या मांडीवर बसून बघितलंय. दगडानं घोटायचे, दिवसच्या दिवस. मोठी भांडी खाली. आच अर्धी झाली की ओला भुसा, आणि मग फट ठेवायची नाही, एकसुद्धा नाही, नाहीतर लाल डाग पडतो. आबांनी कधी केली नाही ती. म्हणायचे, मला नाही जमायची." ते आत बघत होते. "एक डाग नाही. बघा. एक डाग नाही!"

मग एकएक भांडं बाहेर यायला लागलं. बारक्या आत रांगला, अडकला, शिव्या देत सुटला, आणि हातात देत गेला. लहान मडकी, मग घट, झाकणं, मग तळातले रांजण. रांजण बाहेर आले तेव्हा ऊन त्यांच्यावर पडलं आणि आम्ही सगळे त्यांच्या पोटात दिसायला लागलो, लांबोडके, वाकडे, एकमेकांत मिसळलेले. एकही फुटला नव्हता. शेजारची बाई कुंपणाशी आली होती. तिनं चप्पल काढली. का काढली विचारलं तर म्हणाली, "माहीत नाही बाई."

कमिशनर पॅड हातात धरून नुसता उभा होता. थोड्या वेळानं म्हणाला, "मी आधी लिहिलेलं खोडतो." थोरल्यांकडं वळला. "तुम्ही आत्ता जे म्हणालात, भट्टी कशी लावतात ते, ते लिहू?"

तेव्हा थोरल्यांना कळलं आपण काय बोललो ते. चेहरा उतरला. वकिलांनी त्यांचा दंड धरला. थोरल्यांनी आधी मडक्याकडं बघितलं, मग सूनबाईकडं. ती रडत नव्हती. तोंड उघडं टाकून रांजणाकडं बघत होती, लहान पोरीसारखी.

"लिहा," थोरले म्हणाले.

पुढच्या तारखेला वकिलांनी त्यांना पढवलं होतं. लहानपणची गोष्ट, नीट आठवत नाही, असं म्हणा. थोरले पिंजऱ्यात उभे राहिले, बराच वेळ कठडा चोळत. मग म्हणाले, "बाप मला ओळखत नव्हता. ते खरं आहे, आणि ते मला जन्मभर खुपेल. पण ती भट्टी चुकून लागलेली नाही साहेब. तशी चुकून लागतच नाही. काय करतोय ते त्याला माहीत होतं."

न्यायाधीशांनी विचारलं, "आणि सही करताना?"

"एकाच दिवशी, एकाच डोक्यानं केलंय त्यांनी दोन्ही," थोरले म्हणाले. "एक मानतो तर दुसरं कसं नाकारू?"

मृत्युपत्र खरं ठरलं. घर थोरल्यांचं, भट्टी सूनबाईची.

आता थोरले सुट्टीच्या दिवशी येतात. पहिल्यांदा आले तेव्हा फाटकाशी घुटमळले. सूनबाई चाकावरून न उठता म्हणाली, "भाऊजी, उन्हात कशाला उभे?" या खेपेला त्यांनी 'कसले भाऊजी' म्हटलं नाही, आत आले. आबांच्या स्टुलावर बसले आणि तिथंच पडलेला गोटा उचलून कच्चं मडकं घोटायला लागले. ती एकदा बघून म्हणाली, "असं नाही. खालून वर." तिनं वर्षभर आबांचा हात बघितला होता, येडेपणा समजून का होईना. आणि भुसा नेमका कधी टाकायचा ते थोरल्यांना ठाऊक, वासावरून. दोघांचं मिळून एक काळी भट्टी होईल असं वाटतंय. अजून लावलेली नाही. दोघंही घाबरतात.

काल मी माती टाकायला गेलो होतो. माती उतरवून बारक्या आणि मी टेंपोच्या फाळक्यावर बसलो. शेडमध्ये थोरले घोटत होते, दगडाचा बारीक आवाज येत होता. बारक्या घाम पुसत बघत राहिला.

"टेंपो."

"काय?"

"मी त्यांना म्हणायचो ना, मडक्याला गुदगुल्या होतील."

"आपण सगळेच हसायचो."

"ते नव्हे." तो पाय हलवत राहिला. "उद्या माझं डोकं तसं सुटलं तर? माझ्या बापाचंही सुटलं होतं. तुलाच मी हातगाडीवाला म्हणायला लागलो तर?"

"आत्ताही मेल्या काहीही म्हणतोस."

"हसू नकोस लेका." तो खरंच हसत नव्हता. "मी तुला ओळखलं नाही ना, तरी लगेच लोकांना सांगू नकोस की हा गेला म्हणून. आधी मला खोरं दे. जाळासमोर बसव. माझे हात काय करतात ते बघ. मग ठरव."

मी त्याच्या हातांकडं बघितलं. जाड, भाजलेले, नखांत माती.

"बसवीन," मी म्हणालो. "आणि तुझ्या शेजारी मीही बसेन. मिस्त्री म्हणालास तरी."